देवाच्या डोक्यावरचं फूल

आई,

आज वर्गात मुलांना नव्या वनस्पतीचं वर्णन कसं लिहायचं ते शिकवत होते आणि मुलुंडच्या आपल्या गॅलरीतला डालड्याचा डबा आठवला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सह्याद्रीतल्या दाट जंगलातून आणलेला कंद मी त्यात लावला होता. जंगलात दाबून वाळवलेले नमुने बुरशीनं खाल्ले होते. पानं वाचली, फुलांचा पार भुगा झाला. ही जात आजवर कुणी नोंदलेली नाही असं माझ्या मार्गदर्शक सरांना वाटत होतं, पण फुलाच्या आत पाहिल्याशिवाय तसं लिहिता येत नव्हतं; माझा प्रबंध त्यावरच अडला होता. आणि बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, यंदा प्रबंध झाला नाही तर गुमान बँकेच्या परीक्षेला बसायचं. तू काहीच बोलली नव्हतीस. तुझं गप्प राहणं म्हणजे बाबांना होकार, असं मी धरून चालले होते.

श्रावणात त्या डब्यात दांडा आला, त्याला एकुलती एक कळी. एका संध्याकाळी ती उमलायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत गॅलरीत येते तर दांडा बोडका.

"आई, इथलं फूल?"

"ता होय? देवाक घातलंय. बरा पांढरा होता."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एवढी घोडी झालेली मी, देव्हाऱ्यासमोर भोकाड पसरून रडले. गणपतीच्या डोक्यावर माझं फूल ऐटीत बसलेलं, आणि वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही हा तुझा कायदा. वाहण्याआधी नुसता वास घेतला तरी तू आम्हाला फटका द्यायचीस. उद्यापर्यंत ते कुजणार होतं.

तू गॅस बारीक केलास. "ह्या फुलार तुजा शिक्षण अडलाहा?"

मी हो म्हणून मान हलवली. तू पदराला हात पुसलेस, देवाला नमस्कार केलास आणि ते फूल उचलून माझ्या हातावर ठेवलंस. "घे. देव रागावलो तर माज्यार रागावतलो."

ओल्या रुमालात गुंडाळून मी ते कॉलेजात नेलं. पाकळीवरचं गंध पाहून सर हसत सुटले. मग कुंचल्यानं ते पुसून त्यांनी फूल भिंगाखाली उघडलं. आतल्या केसांची झालर त्या कुळातल्या कुठल्याच फुलाला नव्हती. संध्याकाळपर्यंत आम्ही पाकळी न् पाकळी मापून लिहीत बसलो. पुढे ती जात नवी म्हणून छापून आली, तेव्हा बाबांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. बँकेचा विषय पुन्हा निघाला नाही.

तू जाऊन आता जमाना झाला. हे वाचायला तू असतीस तर मी लिहिलंच नसतं, आपल्या घरात असलं तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. जात नवी ठरली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं सांगू? तो त्या सकाळीच पडला होता, तू माझ्यासाठी देवाचा राग अंगावर घेतलास तेव्हा.