दोडकाच लाव, धाकटे

शनिवार, ६ जून
दुकानातून, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय धाकटीस,

वहिनीचा नमस्कार. आशीर्वाद लिहायला घेतले होते, पण हात पुढे जाईना, म्हणून नमस्कारच.

तुझं पत्र परवा मिळालं. आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या दादाच्या छापखान्यात कागद कापायचं नवं मशीन आलंय. दिवसभर त्याच्या खडखडाटात उभा राहून तो आता घरीही ओरडूनच बोलतो. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे. दिवसाला चाळीस सदऱ्यांना काजं-बटणं करते. बोटांची चाळण झाली आहे.

तू भांडली नाहीस, काही विचारलंही नाहीस. एवढंच लिहिलंस की नव्या खोलीपुढच्या गच्चीत एकच पिंप मावतं, तेव्हा दुधी लावू की दोडका? आणि जमलं तर बाबांच्या दुधीच्या बिया पाठव.

दोडका लाव. त्याचा वेल अंगाने हलका असतो, सुतळीच्या जाळीवरसुद्धा सरसर चढतो. दुधीला भक्कम मांडव लागतो. फळ धरलं की वेल खाली ओढला जातो, मग एकेका दुधीला जुन्या फडक्याची झोळी बांधावी लागते. बाबा बांधायचे तशी. दुधीचा पसारा फार, त्याची मुळंही एका पिंपात मावत नाहीत. फुलं दोन्हींची संध्याकाळीच उमलतात, पण चौथ्या मजल्यावर भुंगे-पाखरं येतीलच असं नाही. नाही आली तर नरफूल तोडून मादीफुलाला लावायचं. मादीफूल ओळखणं सोपं आहे, त्याच्या देठाशी इवलंसं फळ असतं. एक मात्र आहे, दोडक्याला दिरंगाई चालत नाही. दोन दिवस जास्त राहिला की आत नुसती जाळी होते.

आणि कोवळा असो की जून, कापला की आधी टोकाची चकती जिभेवर ठेवून बघ. जराही कडू लागली तर थुंक आणि अख्खं फळ फेकून दे. दुधीचं तर हे करायचंच करायचं.

बाबांच्या दुधीच्या बिया नाहीत. पाकिटात दोडक्याच्या अकरा बिया घातल्या आहेत, त्या बाबांच्याच हातच्या आहेत.

घंटा झाली. उरलेलं घरी जाऊन लिहिते.


रविवार, सकाळी

काल रात्री पत्र पुन्हा वाचलं. बिया नाहीत असं मी लिहिलंय. होत्या. बाबांनी डबीवर तारीख घालून ठेवल्या होत्या. मी त्या चुलीत टाकल्या, एकही राहू दिली नाही. का, ते आता लिहिते. मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही, म्हणून भाजी तशीच टाकून बसले आहे.

गेल्या वर्षी बाबांनी दुधी पेरला नव्हता. कचऱ्याच्या खड्ड्याशी एक वेल आपोआप उगवला. "बिनबोलावता आलाय, पाहुणा समजून ठेवून घेऊ," म्हणाले आणि त्याला मांडवावर चढवलं. पहिलं फळ बियांसाठी वेलावरच वाळू दिलं. ऑक्टोबरात दुसरं तयार झालं. त्यांची साखर वाढलेली, दुकानातल्या बाईंनी मला सांगितलं होतं, सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस द्या.

तू आदल्या संध्याकाळी येऊन गेलीस. तुझ्या बेकरीतली क्रीमची पेस्ट्री आणली होतीस. तू गेल्यावर बाबा ती घेऊन स्वयंपाकघरात आले, सुरीने बरोबर मधून कापली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. "तू खाल्लीस म्हणजे चहाडी करणार नाहीस." मी खाल्ली. दोघं हसलो.

सकाळी मी दुधी किसला, पिळला, पेला भरला. चव बघितली नाही. दुकानात लवकर बोलावलं होतं. बाबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे गं."

"औषध गोड असतं का, बाबा?"

"तसं नाही. जहर कडू आहे. तू घेऊन बघ."

ते रोज कशाला ना कशाला नाव ठेवायचे, गोळी मोठी आहे, दूध करपलंय, पाणी कोमट आहे. मी एका हाताने चपला शोधत होते. म्हटलं, "नाटकं करू नका. मला उशीर होतोय. संपवा पाहू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कालच्या चोरीची शिक्षा म्हणायची," आणि डोळे मिटून पेला रिकामा केला.

धाकटे, पेला रिकामा झाल्यावर मी त्यांना शाबास म्हटलं.

मी फाटकापर्यंत पोचले नव्हते तोच दादाने हाक मारली. उलट्या सुरू झाल्या होत्या. मग उलटीत रक्त. अंग गार पडलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं यांनी? दादाला कचऱ्यात पेस्ट्रीचा कागद दिसला होता. तो म्हणाला, "काल बहिणीने क्रीमचं काहीतरी आणलं होतं." डॉक्टरांनी मला विचारलं, "सकाळी काही?" मी म्हटलं, "नेहमीचंच."

तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेव. पण दुपारी कपडे न्यायला मी घरी आले. ओट्यावर अर्धा दुधी तसाच होता. मी त्याची कड जिभेवर ठेवली. नळाखाली तोंड धरून बसले तरी कडवटपणा जाईना. बाबा तेव्हा जिवंत होते. दवाखाना पायी दहा मिनिटांवर. मी तो दुधी सालींच्या खाली दाबला, पेला दोनदा घासला, त्यांचा धुतलेला सदरा पिशवीत घातला आणि परत गेले. कुणालाही काही बोलले नाही.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांना नेलं तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस, आत यायलाही धजत नव्हतीस. मला विचारलंस, "वहिनी, क्रीम खरंच आंबलं होतं का?"

मी म्हटलं, "झालं ते झालं. आता बोलून काय उपयोग?"

क्रीम आंबलं नव्हतं. अर्धं माझ्या पोटात होतं आणि मी धडधाकट तुझ्यासमोर उभी होते.

त्यानंतर दादा तुझ्या बेकरीत जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोलला, तुझं काम गेलं, मावशीने तुला दारात उभं केलं नाही, हे सगळं मी घरात बसून ऐकलं. रोज वाटायचं, उद्या सांगू. आठ महिने तो उद्या काही आला नाही. तू त्या बिया मागितल्या नसत्यास तर कदाचित अजूनही आला नसता. माझ्याकडच्या जळाल्या, तरी त्या वेलाच्या बिया तू दुसऱ्या कुणाकडून मिळवून पेरशील, कुणाला तरी खाऊ घालशील, या भीतीने हे पत्र लिहायला बसले. तुझ्यावरच्या मायेने लिहायला बसले, असं लिहिलं तर तेही खोटं होईल.


मंगळवार

रविवारी दुपारी दादाला सांगितलं. तो खुर्चीचा मोडका पाय ठोकत होता. हातोडी खाली ठेवून त्याने सगळं ऐकलं.

मग विचारलं, "डॉक्टर विचारत होते तेव्हा तू कुठं होतीस?"

"तुझ्या शेजारी."

"आणि दुपारी कळल्यावर?"

"तेव्हाही. तुझ्या शेजारीच येऊन बसले."

नेहमी ओरडून बोलणारा माणूस, इतकं हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "मी तिला खुनी म्हणालो गं. लोकांसमोर."

काल मी सुट्टी टाकून त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना बाबा आठवत होते. सगळं ऐकून म्हणाले, दुपारी जरी सांगितलं असतंत तरी त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात हलवलं असतं. वाचले असते का? ते म्हणाले, "वय होतं. सांगता येत नाही." मी तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाले. मला हो हवं होतं की नाही हवं होतं, तेही मला कळत नव्हतं.

दादाही काल बेकरीत गेला होता. दुपारची गर्दी व्हायची वाट बघत थांबला, आणि सगळ्यांसमोर मालकाला सांगितलं की माझ्या बहिणीच्या हातून काही झालं नव्हतं, चूक माझ्या घरात झाली. मालक म्हणाले, जागा भरली आहे, पण तिला येऊन भेटू दे. दादाने हे मला सांगितलं नाही. शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळलं. तो बाबांच्या खोलीत झोपतो. मी वाढलेलं ताट न्यायला येत नाही, स्वतःचं स्वतः वाढून घेतो.

येत्या रविवारी तो तुझ्याकडे येईल. दार उघड. तो ओरडला ते माझ्यामुळे. त्याच्यावरचा राग माझ्याकडे वळव, माझ्याकडे जागा आहे. मी बरोबर येणार नाही. मावशीला आणि काकांना वेगळी पत्रं लिहिली आहेत, कुठेही आडपडदा न ठेवता. तिन्ही पाकिटं आज दुकानात जाताना एकदमच पेटीत टाकीन, म्हणजे एखादं मागे ठेवायची बुद्धी व्हायला नको.

तू मला पत्र पाठवू नकोस असं म्हणवत नाही. पाठव, असं म्हणायचा मला हक्क नाही.

जिची चूक तू आठ महिने अंगावर वागवलीस ती,

वहिनी