तू ‘एक’ म्हणला

बा, तू गेल्यावर मायनं तुहं काहीच ठेवलं नाही, धोतरंही देऊन टाकले. माह्याजवळ तुही एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बसायची तऱ्हा. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड, गुडघे छातीशी. ती मले नको होती. पण महिना होत आला, इथं इंदूरले आमच्या खोलीत मी तसाच बसून राह्यलो. काल बायको म्हणे, "दाराकडे पाठ करून काऊन बसता? वाघ येते का आत?" मी तिच्यावर असा खेकसलो का तिच्या हातातलं पीठ सांडलं. तिनं तुले पाह्यलं नाही. तिचं माहेर तिकडे सोनाळ्याचं, अन् ती आमच्या घरात आली तेव्हा तुले जाऊन कितीतरी वर्स झाले होते. तिले काय माहीत का आमच्या घरात असं पहिले कोण बसत होतं.

गिरणीतलं आमचं सूतखातं बंद झालं. साहेब म्हणे, नवीन मशिनी येणार हायेत, तोवर घरी बसा. तोवर म्हणजे कधीवर, हे कोणीच विचारलं नाही. पहिले चार दिवस बरं वाटलं, पोटभर झोपलो. मग हळूहळू डोकं फिरायले लागलं. सकाळचा भोंगा झाला का गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. बाजूच्या खोलीतला माणूस डबा घेऊन कामावर निघाला का वाटते, हा मुद्दामच डबा वाजवत जाते. चहा गोड झाला तरी राग, फिका झाला तरी राग. नळावर बाया हसल्या का वाटते, माह्यावरच हसल्या. मी असा नव्हतो बा. यष्टीत बाजूले बसलेल्या माणसाची सासुरवाडी विचारून मोकळा होणारा मी, आता ओळखीचं माणूस दिसलं का दुसऱ्या गल्लीत शिरतो. अन् तूही असा नव्हता. मले राग येते तो याच्याचसाठी.

आपल्या डोणगावच्या बाजारात आवाजावरून आमचं दुकान समजे. म्हणजे शेटजीचं, पण मी आमचंच म्हणत होतो. तू त्या अडतीवर मापारी. शेतकऱ्यानं जवारीची रास ओतली का तू एक गुडघा टेकून बसे, पायली भरे, वर शीग लावे, अन् पोत्यात ओतता ओतता आकडा म्हणत राहे, म्हणजे घेणाराही चुकू नये अन् देणाराही. पहिल्या पायलीले तू कधी ‘एक’ म्हणला नाही. "लाभ हो लाभ, लाभ हो लाभ," अन् मग "दोन हो दोन." मले तू सांगतलं होतं का एक म्हणलं तं ते एकटं पडते, लाभ म्हणलं तं मागून येतच राहते. घरीही तेच. टोपल्यातल्या भाकरी लाभपासून, कोंबडीचे अंडे लाभपासून. दिवे लागले का तू आमच्या डोक्यावर हात ठेवून लेकरंही मोजत होता. मी मोठा म्हणून मी लाभ, बहीण दोन. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरनं आकडे म्हणायले लावले, मी जोरात सुरू केलं, लाभ, दोन, तीन. सारा वर्ग हसला. मले समजेचना हे लेकाचे काऊन हसून राह्यले.

मग सरकारचे किलो आले. दुकानात लोखंडी काटा येऊन बसला. त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत तिथंच होतो. शेटजी तुले गादीवरूनच म्हणे, "आता मापाचा धंदा बंद झाला गड्या, तोलूनच द्या-घ्यायचं. पण तू कुठं जाऊ नको. काट्यावर पोते चढवायले माणूस लागतेच. तू तं घरचा हायेस." तेवढ्यात एक हमाल बोलला, "मापारी, तुह्यापेक्षा काटा बरा बे, वरडत तं नाही." सारे हसले. मीही थोडासा हसलो, कारण त्यात वाईट काही नव्हतं. तूच तं त्या हमालाइले रोज हाकारत होता, "चला बे बैलहो, उचला." ते कधी रागवले नाही. तू मात्र पायली खाली ठेवली, अंगावरची धूळ झटकली अन् भर दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

शेटजीनं दोनदा माणूस पाठवला. दुसऱ्या वेळी तं त्या माणसानं दारातच चिलीम ओढली, तुही वाट पाह्यली. माय म्हणे, "अवो, जा ना. पोतं उचललं तं काय हात झडते?" तू म्हणला, "ज्याइले बैल म्हणलो त्याइच्या रांगेत उभा राहू?" मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदायले जायचं सुरू केलं ते तुले चाललं. तिच्या हाताले भेगा पडल्या त्या चालल्या. तुह्या पाठीवर पोतं मात्र चाललं नाही. शाळेची वाट बाजारातून जात होती, अन् पाहा, मापाऱ्याचं पोरगं चाललं, असं कोणी म्हणू नये म्हणून तू मले चौथीतून काढलं. मले म्हणला, "काय करतं शिकून, तिथंही काटाच येईन." आज कुठंही कागद वाचायचा आला का ओळीवर बोट ठेवून वाचतो मी, अन् मागचा माणूस घाई करते. तेव्हा तुहीच आठवण येते, अन् चांगली नाही येत.

एक दिवस अंगणात मी अन् बहीण डब्यानं रेती मोजून राह्यलो होतो. लाभ हो लाभ. तू आतून उठून आला अन् माह्या गालात अशी ठेवून दिली का कानात शिटी वाजली. "कोणाचा लाभ बे? कोणाचा?" एवढंच म्हणला. मी सांगू काय तुले? मी तं तुहाच आवाज काढत होतो, दुसरा मले येत नव्हता. त्याच सांजेले तू सवयीनं माह्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणला, "एक." मायचा हात तव्यावर थांबला, भाकर जळाली तरी तिनं उलटली नाही. मग तू बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणला, "दोन." दोन ती पहिलेही होती, नंतरही राह्यली. बदललो फक्त मी.

काटा आला त्याचा राग नाही मले. काटा येणारच होता. शेटजीचाही नाही, त्यानं दोनदा बोलावलं. राग तुहा हाये. काम एक गेलं अन् तू सारंच संपलं म्हणून बसला, आमालेही संपलेल्यातच धरलं. तिसऱ्या पावसाळ्यात ताप आला, तू औषधही धड घेतलं नाही, गेला. अन् तुले नेलं कुठून, माहीत हाये? बाजारातूनच. नदीवर जायले दुसरी वाट नाही. मापारी गेला म्हणून शेटजीनं काटा थांबवला, लोक उभे राह्यले. अन् खांदा कोणी दिला तुले? तुह्या बैलाइनंच दिला. रांगेत उभे राहून, बदलून बदलून, कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. मी पुढं मडकं धरून चाललो होतो अन् मले रडू येत नव्हतं, दात खाऊन राह्यलो होतो मी. एवढ्यासाठी तू घर बुडवलं?

आता ऐक. परवा मुकादम खोलीवर आला. म्हणे, रुईच्या गोदामात गाठी उचलायले माणूस पाहिजे, दोन दिवसात सांग, नाही तं दुसरा पाहतो. मी टाळाटाळ केली तं म्हणे, "काम में काय की शरम, भाई?" त्याले काय सांगू. गोदाम गिरणीच्या गेटासमोर हाये. सुताच्या खात्यातून आम्ही जेवणाच्या सुट्टीत बाहेर येत होतो तेव्हा गाठी उचलणाऱ्याइले मीच आवाज देत होतो, "ए गाठोडे, बाजूले सर." बा, तुहं रक्त हाये, दुसरं काय. काल सकाळी मी गेटापर्यंत गेलो. आमच्या खात्यातला एक जण दिसला, दुसऱ्या गिरणीत लागला म्हणे. मी बिडी पेटवली, इकडचं तिकडचं बोललो अन् माघारी आलो. मुकादमाले तोंड दाखवलंच नाही.

घरी आलो तं पोरगी सूत गुंडाळायची लाकडी बॉबिन फरशीवर आपटून राह्यली होती. मीच गिरणीतून आणली होती तिले खेळायले. तो आवाज मले सहन झाला नाही, हिसकली अन् दाराबाहेर फेकली. ती रडली नाही. माह्याकडे पाहत राह्यली. असं पाहणं मले चांगलं ओळखीचं हाये बा, गालात बसल्यावर मीही तुह्याकडे असंच पाह्यलं होतं. मी बाहेर गेलो, नालीतून बॉबिन काढली, धुतली, तिच्या हातात दिली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून "लाभ" म्हणलो. बायको म्हणे, "काय करून राह्यले?" म्हटलं, मोजून राह्यलो. ती म्हणे, "एक तं पोरगी हाये, तिले काय मोजता?"

हे लिहिता लिहिता उजाडलं. कागद पिठाच्या डब्याखाली ठेवतो, टपालात टाकायले तुहा पत्ता नाही. मुकादमाले हो म्हणायले चाललो, भोंगा व्हायच्या आत. अन् एक गोष्ट तुलेच सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगायची नाही. रुईचा भुस्का नाकात जाऊ नये म्हणून गोदामातले हमाल आत गेल्यावर तोंडाले फडकं बांधतात. मी घरूनच बांधून चाललो.