मोजण्यासाठी सांगितलेलं

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजलेलं नाही. मोजायचं काम तुमचं होतं. आज कोराडीला माझ्या खोलीच्या दारावर एक शाळेतली बाई गेरूने नंबर टाकून गेली. जनगणना परत आली म्हणे. ती गेली आणि मी कामावर जायचं सोडून हे लिहायला बसलो. नंबर अजून ओला आहे, त्यावर वीजकेंद्राची राख बसते आहे. इथे सगळ्यावरच बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्यावर, ताटातल्या भातावर. पहिल्या महिन्यात मी भात धुऊन खायचो, मग लोक हसले म्हणून सोडलं. पण राखेचं काय सांगत बसलो. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

मागच्या जनगणनेला तुम्हीच नागपुरात आमच्या गल्लीत मोजणीला आला होता. तेव्हा मी शाळा सोडून संत्र्यांच्या ट्रकांबरोबर भटकत होतो, कधी रायपूर, कधी जबलपूर, पण त्या दिवशी नेमका घरी होतो. मायने घरातली एकुलती खुर्ची पुसून दिली. ताई भिंतीशी चरख्यावर विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरते आहे, बाबांच्या मागे घर त्यावरच चाललं होतं. तुम्ही मांडीवर कागद ठेवून माझ्याकडे बघता आणि म्हणता, "याचा धंदा काय लिहू बाई? भटकणे असा रकाना सरकारनं ठेवला नाही." माय हसली. ताईही हसली. मग तुम्ही ताईचं विचारलं, लग्न झालं का. माय म्हणाली, नाही. तुम्ही लिहिलंत. मायने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे कोण वाचते गुरुजी?" तुम्ही म्हणालात, "कोणीच नाही. सरकारले आकडा पाहिजे, माणूस नाही. कलेक्टर मागू शकत नाही, कोर्ट बी नाही. मी बाहेर बोललो तं मलेच सजा होते." मी तेव्हा तुमच्याकडे बघत राहिलो होतो. एवढा मोठा कायदा आणि तो आमच्या खुर्चीवर बसलेला.

तुम्ही उठलात तेव्हा मायने ताईकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांबा गुरुजी. ते खोडा." आणि सांगितलं. आजोळी लहानपणीच लावून दिलेलं लग्न, मुलगा तापाने गेला, ताईने सासरचा उंबरादेखील पाहिला नव्हता. नागपुरात हे आम्हा तिघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. सरकारी कागदावर खोटं लिहवून घ्यायची मायची छाती झाली नाही, आणि कोणी वाचणार नाही म्हटल्यावर खोटं बोलायचं कारणही उरलं नाही. चरखा थांबला होता, पुन्हा सुरू झाला. तुम्ही 'अविवाहित' खोडून 'विधवा' लिहिलंत आणि दारातून ताईला म्हणालात, "लेकी, इथं बोललेलं इथंच राह्यलं."

नंतर कामठीचं स्थळ आलं. मुलगा पावरलूमवर होता, जरा बुटका, बोलताना मान तिरकी करायचा. बघून गेल्यावर दोन-तीनदा काही ना काही निमित्त काढून एकटाच आला. एकदा म्हणे छत्री विसरली. छत्री त्याने आणलीच नव्हती. ताई दिवसभर हसत होती. त्याच्या बापाने रीतीप्रमाणे चौकशी केली. आमच्याकडे स्थळाची चौकशी किराणावाल्यापासून सुरू होते आणि गुरुजींच्या ओट्यावर संपते, ते तुम्हाला मी काय सांगू. आठवड्याने निरोप आला. पोरीचं आधी एक लग्न झालेलं आहे, तुम्ही लपवलं, आमच्याकडून नाही. मायने कोणाचं नाव घेतलं नाही. कागद कुठंतरी फुटला असेल म्हणाली. कागदाला तोंड असतं का?

मी मधल्या सुट्टीत शाळेत आलो. तुम्ही डबा उघडून बसला होता. मी विचारलं, कामठीवाल्यांना कोणी सांगितलं.

"मी. त्या माणसानं विचारलं."

"तुम्हाले कसं माहीत होतं?"

"तुह्या मायनंच सांगितलं ना गा."

"कोणाले सांगितलं होतं, गुरुजीले का सरकारले?"

तुमचा घास हातातच राहिला. मग म्हणालात, "मी कागद दाखवला नाही. आणि पोराच्या बापाले माहीत नको का? उद्या तिकडं गेल्यावर कळलं असतं तं पोरीचे हाल झाले असते." तुम्ही डबा लावलात आणि म्हणालात, "पाचवी नापास माणूस मले कायदा शिकवून राहिला." बाजूचे मास्तर हसले. तुम्ही हसला नाहीत, एवढं मला आठवतं.

घरी येऊन मी ताईसमोर तुम्हाला शिव्या घातल्या. ती कांडी बदलत होती. "ओरडू नको," म्हणाली, "त्याले मीच सांगणार होती. पुढच्या खेपेले आला का सांगतो, असं ठरवलं होतं. तो काय म्हणाला असता, ते आता कोणाले कळन?" तो पुन्हा आला नाही. ताई अजून त्याच घरात आहे. लग्नाचा विषय कोणी काढला की ती चुलीकडे उठून जाते.

रस्त्यावर विचार करायला वेळ भरपूर मिळतो. तुमची बाजू मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा मांडून पाहिली आहे. कामठीवाल्यांना कळायला हवं होतं, मानतो. लपवणं चूक होतं, तेही मानतो. पण माय तुमच्याशी बोलली ती मोजणीपुरती. ते उचलून दुसऱ्या कामाला लावायची मुभा तुम्हाला नव्हती गुरुजी, चांगल्या कामालाही नव्हती. ती एकट्या ताईला होती. मायच्या ओळखीचं दुसरं कोणी बोललं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो. पण तुम्ही मला नकाशा वाचायला शिकवलं होतं. घर सोडून कुठेही जायची भीती वाटली नाही ती त्यामुळे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. एक मात्र आहे. त्या दुपारी तुम्ही नुसतं म्हणाला असता, मी नाही बोललो, तर सगळं ठाऊक असूनही मी ते मानून घरी गेलो असतो. आजही मानीन.