मलमल बांधलेल्या दोन बरण्या

पिंपळगाव रेणुकाई, ४ ऑगस्ट २०२४

ती. त्रिंबकदादांस,
धाकट्या बिभीषणचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमची सून शीतल आमच्या आरोग्य उपकेंद्रात लागल्यापासून गाव तिचंच झालं. पंधरा वर्षं मी चौथीतल्या कविता चालीवर म्हणत हौदाहौदात डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. पोरं मागं सूर धरायची. आता शेजारची नंदाबाई म्हणते की मास्तर, मासे ऱ्हाऊ द्या, ताई डासाचं औषध टाकून गेल्या. तिच्या हौदात वाकून पाहिलं. चार दिवस झाले तरी अळ्या कवायतीच्या पोरांसारख्या वळवळून राह्यल्या! मंग तालुक्याच्या आरोग्य साहेबांना अर्ज धाडला की औषध बिलकुल बनावट आहे. रागावू नये, माया असू द्यावी.

आपला,
बिभीषण


टेंभुर्णी, ८ ऑगस्ट

चि. बिभीषणास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मंग हसू गेलं. शाळेत गुरुजींनी माझी कविता फळ्यावर लिहिली की तू जेवायचा न्हाईस, तीच खोड! अरे, ते औषध अळीला लगेच मारत नाही. तिचा डास होऊ देत नाही. अळ्या दिसणारच. तुझ्या अर्जापायी वीस तारखेला साहेब चौकशीला येऊन राह्यलेत. शीतलची कंत्राटी नेमणूक महिनाअखेर संपते. ठपका आला तर पुन्हा मिळणार न्हाई. ती तुला बोलणार न्हाई, म्हणून मी लिहितो. हौदातलं पाणी बरणीत घे, तोंडाला मलमल बांध आणि बघ. जल्दी कर.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
त्रिंबक


पिंपळगाव रेणुकाई, २१ ऑगस्ट

ती. दादांस सा. नमस्कार.

दोन बरण्या खिडकीत ठेवल्या. एकीत नंदाबाईच्या हौदातलं पाणी, दुसरीत पडलेल्या टायरातलं, बिनऔषधाचं. खोटं कशाला लिहू, पहिलीतून एक तरी डास निघावा म्हणून रोज देवाला हात जोडले. टायराच्या बरणीत तेरा डास झाले. पहिलीत अळ्या कोषापर्यंत गेल्या आन् तिथंच संपल्या.

काल साहेब यायच्या आधी बरण्यांची जागा बदलावी, म्हणजे डास औषधाच्या बरणीतले वाटतील, असं मनात आलं. हात बरणीवर गेलाही. तेवढ्यात शीतल दारात येऊन विचारती झाली की काका, चहा झाला का. हात मागं घेतला. साहेबांपुढं बरण्या होत्या तशाच ठेवल्या आणि माझा अर्ज चुकीचा होता असं लिहून दिलं.

नेमणूक चालू राहील, असं साहेब सर्वांसमोर म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा हळू.

एवढ्यावरही आपला म्हणत असाल तर दोन ओळी धाडाव्या.
बिभीषण