“गरज नाही” हे उत्तर

अकोला,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सोहम,

बरा असशील असं धरून चालतो. हे पत्र तुझ्या बहिणीच्या, वर्षालीताईच्या सासरच्या पत्त्यावर टाकून राहिलो, म्हणजे अंजनगावात तुझ्या घरच्यांच्या हाती पडणार नाही. आपल्या संस्थेच्या अ‍ॅपवर इतके दिवस लिहिलं नाही, कारण तिथलं सारं ऑफिसात वाचल्या जाते. इकडं थंडी पडली. दिवाळीले तुमच्या फुलांना भाव बरा भेटला म्हणे.

अ‍ॅपमधल्या फॉर्मात आता नवा रकाना आला आहे: ‘तुमचा जोडीदार पुरुष आहे का?’ तुझा रिपोर्ट आल्यावर आठ दिवसांत आला. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. तुझं नाव कोणी घेतलं नाही. ‘एक केस’ म्हणाले.

तुझा मेसेज वाचला होता. एचआयव्ही पॉझिटिव्ह लिहिलेल्या रिपोर्टचा फोटो, अन् खाली एकच ओळ: “दादा, तुमीच म्हटलं होतं, गरज नाही.” उत्तर द्यायले मले सतरा दिवस लागले.

मार्चमध्ये तू विचारलं होतं, “मी चोवीस वर्षांचा आहे, माझा जोडीदार पुरुष माणूस आहे. मले एचआयव्हीची तपासणी, ती लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, काही लागते का?” जन्मदाखल्यावर मुलगी अन् आतून पुरुष, अशा आपल्या लोकांसाठीच तं ते अ‍ॅप काढलं होतं. उत्तरं देणारा मी. मी लिहिलं, “आपल्याले त्याची गरज नाही.” ऑफिसात सर्वांना वाटते, मले माहीत नव्हतं. ट्रेनिंग कमी पडलं, असं अहवालात आलं. ऑफिसच्या प्रमुख अनुपमा मॅडमनं तं माझी पाठ थोपटली, “शेखर, यात तुझा दोष नाही.”

मले माहीत होतं, सोहम.

गेल्या वर्षी आपल्या लोकांच्या अमरावतीच्या बैठकीत अचलपूरचा एक जण बोलून गेला, की त्याले पुरुष आवडतात. मनोजदादा, ज्यांच्या शब्दाबाहेर आपल्यातलं कोणी जात नाही, ते म्हणाले, “माणसासंगच झोपाचं होतं तं मिशी काहून ठेवली बे?” सारे हसले. सर्वांत जोरात मी हसलो. अन् त्या दिवशी मी बैठकीले आलो होतो तो संघपालच्या खोलीवरून. संघपाल माझा माणूस, चार वर्षांपासून. ती गोळी मी नागपूरहून आणून रोज घेत होतो. तपासणीही वेळेवर करत होतो.

तुझा प्रश्न आला तेव्हा आधी खरं उत्तरच टाइप केलं होतं. तपासणी कर, कंडोम वापर, गोळीसाठी डॉक्टरले भेट. मग ध्यानात आलं, आपलं प्रत्येक उत्तर मनोजदादा तपासतात. “तुले एवढं कसं माहीत?” असं विचारलं तं? सारं पुसलं, अन् तुले ते एक वाक्य पाठवलं. मग जेवलो. जेवण नीट गेलं, हे जास्त लाजिरवाणं आहे.

सोमवारी मीटिंगमध्ये उभा राहून हे सारं सांगितलं. फक्त संघपालचं नाव घेतलं नाही. मनोजदादा इतकंच म्हणाले, “मंग तू आमच्यातला कसा?” अर्धा तास त्यावरच चर्चा झाली. तुझी तब्येत कशी आहे, हे एकानंही विचारलं नाही. मंगळवारी माझं लॉगिन बंद केलं. संघपालले सांगितलं, तं तो म्हणाला, “त्याले मरायले सोडलं अन् तू मात्र गोळी घेऊन माझ्याजवळ आला?” तेव्हापासून फोन उचलत नाही. बरोबर आहे त्याचं.

माफी मागत नाही. ती द्यायचं आणखी एक ओझं तुझ्यावर काहून टाकू? पण औषध सुरू कर. अमरावतीच्या सरकारी केंद्रात फुकट भेटते. रोज घेतलं तं माणूस पूर्ण आयुष्य जगते. विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबला अन् तसाच राहिला, तं शरीरसंबंधातून जोडीदाराले लागणही होत नाही. हे खरं आहे. पण मी सांगतो म्हणून खरं मानू नको. तिथल्या डॉक्टरले विचार, अन् एका डॉक्टरवर भागलं नाही तं दुसऱ्याले विचार.

ज्याच्या शब्दावर तू विसंबला होता,
शेखर