फादर वेळेवर पोचले

मेडनहेड, ३ फेब्रुवारी २०२६

चि. कालेब यास,
शालोम व अनेक आशीर्वाद. ‘उत्तम’ या खेपेला गाळले आहे.

रविवार, १ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. स्लाऊच्या हॉलच्या किचनमध्ये आम्ही बायका मलिदा विधीच्या पोह्यांत खोबरं कालवत होतो आणि मी त्यांना बेलफास्टची गोष्ट सांगत होते. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा मागे फोन चालू ठेवून उभा असेल, हे मनातही आलं नाही. रात्री ते इंटरनेटवर, खाली इंग्रजी सबटायटल्स, आणि लिंक थेट माझ्या बेलफास्टच्या मैत्रिणीला, नुआलाला! तिचा नंबर मी तुला दिला तो बेलफास्टला गेलास तर चार घास मिळावेत म्हणून.

वर मथळा काय, तर ‘आत्याने सोसलेलं युद्ध’. सोसलेलं? १९७३ साली मी तिथे बावीस वर्षांची नर्स होते. ब्रिटिश सैन्य उत्तर आयर्लंडच्या गल्ल्यांत बंडखोर शोधत होतं आणि पुढे २००७पर्यंत तिथेच होतं, हे खरं. पण शनिवारी नुआला आणि मी नाचायला जायचो. बाजाराच्या रस्त्याला लोखंडी फाटक होतं, तिथे पर्स तपासत. एकदा आईने पाठवलेल्या मेतकुटाच्या डब्यावरून मला अर्धा तास उभं केलं. शेवटी लीड्सच्या एका पोरगेल्या शिपायाने ते हुंगलं आणि असा शिंकला की त्याच्या सार्जंटने बंदूक सावरली. नुआला हसून फुटपाथवर बसली. तसं हसणं मला पुन्हा मिळालं नाही.

तिचा भाऊ डेक्लन एकोणीस वर्षांचा, बेकरीत कामाला. त्या ऑगस्टमध्ये गोळी लागून माझ्या वॉर्डात आला. गोळी कुणाची, याची चौकशी अजून चालू आहे. शेवटच्या प्रार्थनेसाठी त्याने फादरना बोलवा म्हटलं. लष्कराने रस्ते अडवले होते, फादर येऊ शकले नाहीत. तेव्हा भायखळ्याच्या शाळेत नन्सनी घोकून घेतलेली कॅथलिक प्रार्थना मी, बेने इस्राएल ज्यूंची पोर, तो जाईपर्यंत त्याचा हात धरून म्हटली. सकाळी त्याच्या आईला सांगितलं, फादर वेळेवर पोचले. ती माउली त्या आधारावर तीस वर्षं जगली. नुआलाही तेच धरून होती. दोन दिवस ती माझा फोन उचलत नाही.

सगळं पुसून टाक. फोनमधूनसुद्धा.

लोभ सध्या राखून ठेवला आहे.
बेलाआत्या

*

बर्मिंगहॅम, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बेलाआत्या यांना कालेबचा सा. न.

तुमचं पत्र वाचून एलाने मला दोन दिवस चहा दिला नाही. म्हणाली, आत्या पोस्टाने रागावल्या म्हणजे तुझी धडगत नाही. बायकोही तुमच्याच पार्टीत. सगळं पुसलं, फोनमधूनही. चुकलो.

पण आत्या, ऑफिसातल्या एकाचे वडील तिथे शिपाई होते. त्याच्याकडून मी त्या युद्धाच्या कोर्टकचेऱ्या ऐकतो. कुणी गोळी झाडली, कुणी हुकूम दिला, एवढंच असतं. कोण कुणाचा हात धरून बसलं होतं, ते कुठेच येत नाही. म्हणून टाकलं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. गुन्हा तोच, कळतं मला.

नुआलामावशींना फोन करून माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, बेलाला सांग, मी लिहीन. आवाज रागावलेला होता की रडलेला, मला ओळखता आलं नाही.

राखून ठेवलेल्यातला थोडा लोभ सोडावा, ही विनंती.
कालेब

*

मेडनहेड, १६ फेब्रुवारी २०२६

चि. कालेब यास,
शालोम व अ. उ. आ.

नुआलाचं पत्र आलं. पाच पानं, शिव्यांसकट.

तिला आणि तिच्या आईला पहिल्यापासून माहीत होतं. फादर रात्रभर त्यांच्याच स्वयंपाकघरात रस्ता उघडायची वाट बघत बसले होते. मी सकाळी गेले तेव्हा फादरचा कप अजून टेबलावर होता म्हणे. आईने नुआलाला बजावलं की पोर रात्रभर जागून आली आहे, एवढं जुळवून आणलं आहे, तिला खोटी पाडू नकोस. मला चहा दिला. पुढे दरवर्षी मी गेले की ती बाई तेच पुन्हा विचारायची, आणि मी मूर्ख, फादरच्या तोंडी नवी नवी वाक्यं घालत गेले.

नुआलाचा राग निराळाच आहे. फादर नव्हते म्हणजे डेक्लन एकटा गेला, कानावर एक शब्दही न पडता, असंच त्या मायलेकींनी धरलं होतं. मी त्या माउलीला धीर देतेय असं समजत होते. धीर ती मला देत होती, आणि ते एकटेपण मनात घेऊन गेली. नुआला लिहिते, बावन्न वर्षांत एकदा खरं बोलली असतीस तर.

तू टाकलेलं ते रेकॉर्डिंग तिने एकदा ऐकलं, शेवटपर्यंत. दुसऱ्यांदा ऐकायला बसली तर गायब. तिला ते हवं आहे. मी पुन्हा सांगेन, पण हात खोबऱ्यात असताना जसं निघालं तसं निघणार नाही. आता मी नीटनेटकं करून सांगेन, आणि माझ्या नीटनेटकेपणाने काय केलं ते वाचलंसच.

पुस म्हणाले ते मीच. जन्मभर तू मोठ्यांचं ऐकलं नाहीस, नेमकं याच वेळी ऐकलंस का? कुठे एखादी प्रत उरली आहे का? फोनवर ऐकायची माझी तयारी नाही. हो की नाही ते लेखी, तुझ्या अक्षरात, शुक्रवार २७ फेब्रुवारीला संध्याकाळी शब्बाथ लागण्याआधी माझ्या हातात पडलं पाहिजे.

लोभ होताच, आहेच.
बेलाआत्या