काहिलीतून विहीणबाईंना

तुम्ही किटली पुढे केलीत तेव्हा मी गळ्यापर्यंत काहिलीत होते, आणि हात बाहेर काढला तर खांद्याला वारं लागून उपचार फुकट जाईल, एवढाच विचार माझ्या मनात होता. म्हणून नमस्कार केला नाही. तो आता करते. (वाकून म्हणत नाही, माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.) तुमची कंबर कशी आहे? आमच्या जावयांना, सत्यजीतरावांना, कुरकुंभच्या रात्रपाळीनंतर दिवसा झोप मिळते का? ऋतिका वेळेवर जेवते ना? आमच्याकडे सर्व ठीक आहे. (हे वाक्य रीत म्हणून लिहिलं.)

एक शिकलेली बाई गूळ उकळायच्या काहिलीत का बसते, हे सांगायला हवं. पेपरच्या पुरवणीत एक लेख आला होता. परदेशात वयस्कर बायकांना ठरावीक दिवशी गरम पाण्यात बसवतात, त्याने रक्तदाब उतरतो, डोक्यालाही फायदा होत असावा, अजून तपासत आहेत, असं काहीसं. मी रेघ ओढली ती डोक्याच्या वाक्याखाली. लेखाच्या शेवटी ‘आधी डॉक्टरांना विचारा’ असं होतं म्हणे. तो शेवट मी वाचला नाही. (जन्मभर मुलांना उतारा पूर्ण वाचायला लावला.) आता गळ्यापर्यंत पाणी आणायचं कुठून? बादलीत पाऊल मावतं. गच्चीवरची टाकी उन्हाने तापते, पण तिच्यात उतरायचं म्हणजे आधी शिडी, आणि नंतर गावभर चर्चा. चर्चा टाळावी म्हणून मी हौसरावभाऊजींचं गुऱ्हाळ निवडलं. हंगाम संपलेला, चिटपाखरू नाही. एका दिराकडे असली गोष्ट मागायची म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी ‘ब्लडप्रेशर’ म्हणाले. भाऊजींनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, बायकांचं काहीतरी असेल.

त्यांनी चुलाण पेटवलं, पाणी कोमट झाल्यावर जाळ ओढला, बुड भाजू नये म्हणून काहिलीत पाट टाकला, आणि पाठ करून चिपाडाच्या ढिगापाशी उभे राहिले. मी लुगड्यानिशी उतरले. पाय पसरून रेललं की पाणी गळ्याशी येतं. पहिली काही मिनिटं, खरं सांगते, फार सुखाची होती. मग माश्या आल्या. काहील धुतली होती, पण काठाला गूळ राहिला होता, आणि मी हळूहळू गोड होत होते.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. भाऊजींची हयात गुऱ्हाळावर गेली, तरी आली नाही. धुराडं. गुऱ्हाळाचा धूर दिसला की आपल्या निमोण्यात माणूस भांडं घेऊन निघतो, आणि दारात आलेल्याला काकवी दिल्याशिवाय परत पाठवायचं नसतं. अवेळी धूर दिसल्यावर तर बायका चपला शोधायलाही थांबल्या नाहीत. भामाबाई तांब्या घेऊन सगळ्यात पुढे.

“हौसराव, काकवी कवा निघंल?”

“काकवी न्हाई,” भाऊजी पाठमोरेच म्हणाले, “वैनी हाय.”

बायका काठाशी आल्या. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. भामाबाईंनी बोट घालून पाणी बघितलं आणि म्हणाल्या, “अजून कच्चंच हाय.” मग हसल्या. मीही हसले. तेवढ्यात तुम्ही आलात.

“इहीनबाई, बरं हाय तुमचं! आमी किटली घिऊन पळत आलो, आन् तुमी निवांत पवताय व्हय?”

आणि मी तुम्हाला म्हणाले, “आपण कोण?”

सगळ्यांसमोर. एकाच गावात जिच्या घरी लेक दिली, त्या बाईला. भामाबाई म्हणाल्या, “बाईंला पेन्शन लागली, आता मानसं वळखू येईनात.” तुम्ही किटलीचं झाकण लावलंत. आत काही नव्हतं तरी नीट लावलंत. “आमी व्हय? आमी कुनी न्हाई,” म्हणालात आणि बांधाने निघून गेलात.

मी तुमच्यामागे यायला म्हणून झटकन उठले. सकाळची रक्तदाबाची गोळी पोटात, वर हे गरम पाणी. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी परत पाण्यात बसले. भाऊजी चादर घेऊन धावले, पण दीर म्हणून पाठ करूनच धावले, आणि चिपाडात आडवे झाले. शेवटी भामाबाईंनी मला काखेत धरून बाहेर काढलं. माझ्या लुगड्याला मुंग्या लागल्या होत्या.

विहीणबाई, चष्म्यावर वाफ आली होती. त्यामुळे समोरचं माणूस नीट दिसलं नाही. एवढंच झालं. यात शिष्टपणा नव्हता. माझ्यावरचा राग ऋतिकाच्या ताटावर निघू नये, म्हणून हे सविस्तर लिहिलं. घरातल्या सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
सारजा

ता. क. उपचाराने रक्तदाब उतरतो हे खरं असावं. माझा तर मला घेऊनच उतरला.

ता. क. दुसरा. चष्मा मी भाऊजींच्या खिशात ठेवला होता. तुम्ही हातभर अंतरावर होतात. नाक, कुंकू, पुढचा पडलेला दात, सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त ते कुणाचं, हे कळत नव्हतं. तुम्ही बांधापलीकडे गेल्यावर कळलं. हे पहिल्यांदा झालेलं नाही. काहिलीत मी डोक्यासाठी बसले होते.

ता. क. तिसरा, आणि कामाचा. मला डॉक्टरांकडे घेऊन चला. शिरूरला नको, तिथे प्रत्येक औषधाच्या दुकानात माझा एक विद्यार्थी बसलेला असतो. दौंडला जाऊ. ऋतिकाला इतक्यात सांगू नका. गावात मला कुणी शिष्ट म्हणालं तर म्हणू द्या. तुम्हीही म्हणा. तो शब्द मला चालेल.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई भांडायला आल्या. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओट्यावर बसून, बोट फिरवत वाचलं. मग चहा नको म्हणाल्या. आम्ही एसटीने दौंडला गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, काहिलीबद्दल दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. मी मध्येच अडले. शेजारून विहीणबाई ओठ हलवून सांगू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.